शनिवारी तो शांत असतो

वाचकाचं पत्र
(ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बीड जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर काम करणाऱ्या बाईंचं हे पत्र आहे. शाळेत पहिली ते चौथी मिळून 34 लेकरं. त्यांतल्या दुसरीतल्या सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असल्याचं गेल्या वर्षी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सांगितलं. बाई लिहितात : "तो मध्येच उठून पळतो. खिचडीनंतर दुसरे सर (तेच मुख्याध्यापक) ऑनलाइन माहिती भरायला बसतात आणि मी चारही वर्ग एका खोलीत घेते, तेव्हा तो किंचाळतो, स्वतःच्या मनगटाला चावतो, शेजारच्याला ढकलतो. रागावलं की हसतो. दिवसभर एकाच ट्रॅक्टरचा नंबर बडबडत बसतो. दिवाळीनंतर तर फारच वाढलंय. शनिवारी तेवढा शांत असतो. आई-वडील कारखान्यावर ऊसतोडीला गेलेत, तो आजीकडं राहतो. आजी म्हणते, बाहेरचं झालंय. वडील फोनवर म्हणाले, दोन ठेवून द्या बाई, सुतासारखा सरळ होईल. दोन-तीन पालक म्हणतात, हे येडं पोरगं वर्गात राहणार असेल तर आम्ही आमची लेकरं इंग्लिश शाळेत घालतो. सर म्हणतात, विशेष शाळेत पाठवायला सांगा. गेल्या महिन्यात मी त्याला व्हरांड्यात बसवून आतून कडी लावली. तो गुपचूप बसून राहिला, पण मला रात्री झोप लागली नाही. मला त्याला शिस्त लावता येत नाही. बाकीच्या 33 लेकरांचंही मला बघायचंय. त्याला दुसरीकडं पाठवायला सांगणं चूक आहे का?"

ताई,

ती कडी तुम्ही पत्रात लिहिली नसतीत तर मला कळलंही नसतं. तुम्ही लिहिलंत, म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलते. ती पुन्हा लावायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नं शाळेत मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही. वडिलांनी फोनवर मोकळीक दिली म्हणून ते बदलत नाही. शिवाय सात वर्षांचं, धोका न कळणारं लेकरू नजरेआड एकटं ठेवलं तर काहीही होऊ शकतं. एवढं सांगून हा विषय मी संपवते, कारण तुमची झोप उडाली यातच सगळं आलं.

पण त्या दिवशी एक गोष्ट घडली, ती नीट बघा. त्यानं दार बडवलं नाही. रडला नाही. गुपचूप बसून राहिला. दुसऱ्या एखाद्या लेकराला ती शिक्षा वाटली असती, याला बहुतेक सुटका वाटली. आणि ढकललं की त्या गलक्यातून बाहेर पडायला मिळतं, हा धडा तो त्या दिवशी शिकला असेल तर उद्या तो आणखी जोरात ढकलेल. त्यात त्याचा कावेबाजपणा नाही. ज्याला बोलून मागता येत नाही, तो जे करून मिळालं तेच पुन्हा करणार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तो काय करतो हे तुम्ही बारकाईनं लिहिलंय. त्याच्या आधी काय घडतं हे मात्र तुम्ही ओघात, दुसऱ्याच कशाबद्दल सांगताना लिहून गेलात. "दिवाळीनंतर फारच वाढलंय" असं एक वाक्य आहे. आई-वडील कारखान्यावर गेलेत, हे त्याच्यापुढं एक वाक्य सोडून आहे. ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. खिचडीनंतर तो बिघडतो आणि खिचडीनंतरच चार वर्ग एका खोलीत कोंबले जातात, तीही दोन वाक्यं शेजारी ठेवा. आणि शनिवारी तो शांत असतो. शनिवारी शाळा सकाळची. मैदानावर कवायत, मग गाणी, चित्रं, खेळ. बसून लिहिणं कमी, हातपाय हलवणं जास्त, आणि दुपार नाहीच. शिस्त लावणं जमत नसल्यामुळं तो असा वागत असता, तर शनिवारीही तसाच वागला असता. बाई त्याच, लेकरू तेच.

म्हणून "शिस्त" हा शब्द आपण थोडा वेळ बाजूला ठेवू. हट्ट करणारं लेकरू मध्येमध्ये डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतं, समोरचा विरघळतोय का ते. हवं ते मिळालं की गप्प होतं. तुमच्या मुलाचं दुपारचं किंचाळणं मला तसलं वाटत नाही. आवाज, उकाडा, अंगाला अंग लागणं, खिचडीचा वास, हे सगळं एकदम अंगावर येतं आणि त्याच्यानं सोसवत नाही. त्याला त्या क्षणी समजावून सांगणं म्हणजे ठेच लागलेल्याला नीट कसं चालावं ते शिकवणं. स्वमग्न हा आपला शब्दही इथं दिशाभूल करतो. मुलगा आपल्यातच रमलेला, जगाचं त्याला काही घेणं नाही असं वाटतं. मी पाहिलेल्या कितीतरी लेकरांची अडचण याच्या उलट होती : जग त्यांना फार जवळून, फार मोठ्यानं ऐकू येत होतं. आणि रागावल्यावर हसतो, त्यालाही उर्मटपणा समजू नका. समोरच्या चेहऱ्यावरचा राग वाचता येत नाही, किंवा घाबरल्यावर कोणता चेहरा करायचा ते कळत नाही, तेव्हाही हसू येतं.

काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी तीन दिवस नुसती मागच्या भिंतीला बसून होते. तिसरीतला मुलगा "विनाकारण मारतो" अशी तक्रार होती. त्या शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पहिल्या दिवशी मलाही मारणं विनाकारणच वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की खिडकीतून तो लिंब दिसतो. चौथीतलं एक पोरगं दांडा उचलायला मैदानातून चालत निघालं की हा पुढं-मागं डोलायला लागायचा. मग कानावर हात. मग घण्ण... आणि शेजारच्याच्या पाठीत बुक्की. सरांना फक्त बुक्की दिसत होती, ती फळ्याकडं पाठ झाल्यावर. त्याच्यासाठी ती घटना दोन मिनिटं आधी सुरू झालेली असायची. उपाय साधाच निघाला. दांडा उचलायच्या आधी त्याला खूण करायची आणि त्यानं इमारतीच्या मागं हापशावर जाऊन पाणी पिऊन यायचं. महिन्याभरात मारणं बंद झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. कमी झालं. आणि सरांची नजर बदलली.

ती नजर तुम्हालाही यावी म्हणून दोन आठवडे एक वही ठेवा. एकच वागणं निवडा, ढकलणं म्हणा. किती वाजता, लगेच आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, एवढं एका ओळीत. शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. बहुतेक वेळा चारांतलं एक काहीतरी सापडतं : नकोशा गोष्टीतून सुटका, कुणाचं तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, किंवा शरीरालाच बरं वाटणं. एकाच वागण्याची दोन कारणंही असू शकतात. कारण न शोधता केलेला उपाय अंदाजपंचे असतो, आणि अंदाज चुकला की आपण म्हणतो, "हे पोरगं सुधारणारच नाही."

वही भरेपर्यंत थांबायची गरज नाही, दुपारची सोय लगेच करता येईल. सर माहिती भरतात त्या खोलीत एकच माणूस आणि शांतता असते. खिचडीनंतरचा पहिला अर्धा तास त्याला तिथल्या कोपऱ्यात बसू द्या, हाताशी अंकांचं किंवा जुळवाजुळवीचं काम देऊन. सरांना शिकवायचं नाही, फक्त नजर ठेवायची. सर कुरकुरतील. त्यांना एवढंच सांगा की आठ दिवस बघू. त्याला विशेष शाळेत पाठवा म्हणणाऱ्या माणसानं त्याच्याजवळ रोज अर्धा तास शांतपणे बसणं, याचाही उपयोग होतो.

दुसरं, त्याला दिवस दिसू द्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पाच चित्रं काढा : परिपाठ, वाचन, खिचडी, अंक, घर. त्याच्या जागेजवळ सुतळी बांधून चिमट्यांनी ओळीनं लावा. एक काम झालं की त्यानंच चित्र काढून डब्यात टाकायचं. आपल्याला तासांमागून तास कळतात, त्याला ते अचानक अंगावर येतात. केंद्रप्रमुख येणार, लसीकरण आहे, असं काही वेगळं असेल त्या दिवशी सकाळीच एक वेगळं कार्ड लावायचं.

सहावं कार्ड "बाहेर"चं. याच्यावर सगळ्यांत जास्त मेहनत घ्या. तो शांत असताना कार्ड त्याच्या हातात द्यायचं, त्यानं तुमच्या हातात ठेवलं की "बाहेर" म्हणायचं आणि लगेच बाहेर न्यायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. व्हरांड्याचा तोच कोपरा, एक पोतं अंथरलेलं, दार उघडं, तुमच्या नजरेसमोर. पाच मिनिटांनी परत. सुरुवातीला तो कार्डाचा सपाटा लावेल आणि तुम्हाला वाटेल, हा मला बनवतोय. प्रत्येक वेळी द्या. ढकलण्यापेक्षा कार्डानं लवकर काम होतं हे त्याला पटायला हवं. पटल्यावर मग "आधी दोन गणितं, मग बाहेर", मग चार गणितं. एक मात्र ध्यानात असू द्या, ढकलल्यावर पूर्वीसारखी सुटका मिळेनाशी झाली की पहिले काही दिवस ढकलणं वाढतं. तेव्हाच बहुतेकजण उपाय सोडतात.

बोलताना वाक्य तोडून, लहान. "पळू नकोस" यात त्याला "पळ" ऐकू येतं, "इथं बस" म्हणा. सांगून झालं की मनात दहापर्यंत मोजा, तोवर तेच वाक्य पुन्हा म्हणू नका. "माझ्याकडं बघ" हा आग्रह सोडा, त्याला न बघताही ऐकू येतं. डोलणं, हात फडफडवणं यानं कुणाला इजा होत नसेल तर थांबवू नका, त्यानंच तो स्वतःला सावरत असतो.

ज्या दिवशी तोल जाईल त्या दिवशी बोलणं बंद. जवळची लेकरं दूर करा, टोकदार वस्तू उचला, धरून ठेवू नका, हाताच्या अंतरावर खाली बसा. जाब नंतरही विचारायचा नाही. पाणी, थोडा वेळ, मग सोपं काहीतरी. मनगट चावणं नवीन असेल किंवा अचानक वाढलं असेल तर आजीला घेऊन दाढ, कान, पोट एकदा डॉक्टरांना दाखवा; दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाणही इतरांपेक्षा जास्त असतं, म्हणून मध्येच काही क्षण शून्यात बघत राहत असेल तर तेही सांगा.

एक गोष्ट मात्र आजच करा. तुम्ही "पळतो" असं लिहिलंय, पण कुठं पळतो ते लिहिलं नाही. अशी बरीच मुलं पाण्याकडं ओढली जातात, आणि आपल्याकडच्या शिवारात कठडे नसलेल्या विहिरी आणि शेततळी कमी नाहीत. शाळेपासून जवळची विहीर, तळं, डांबरी रस्ता कुठं आहे ते बघून ठेवा. शाळेशेजारच्या दोन घरांना, पिठाच्या गिरणीवाल्याला, किराणा दुकानदाराला सांगून ठेवा की हे लेकरू एकटं दिसलं तर हाताला धरून आणा, ओरडू नका. त्याच्या खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर असू द्या. त्याची जागा दारापासून लांब, भिंतीकडं. तो पळाला तर मागं कोण जाणार आणि वर्गापाशी कोण थांबणार, हे तुमचं आणि सरांचं आधीच ठरलेलं असावं.

आता 33 लेकरांबद्दल. तुमची काळजी खरी आहे आणि मी ती खोडून काढणार नाही. ज्याला ढकललं जातं त्या लेकराचीही बाजू घ्यायला हवी. त्याला लागलं का ते त्याच्या आईला त्याच दिवशी सांगा, लपवू नका. पण मला वाटतं, वरच्यातलं अर्धं तरी त्या सगळ्यांच्याच कामाचं आहे. पहिलीतल्या लेकरांनाही दिवसाची चित्रं लागतात, आणि चार वर्गांचा दुपारचा गलका कुणालाच मानवत नाही. लेकरांना सांगताना आजाराचं नाव नको, ते सांगायचं की नाही हे त्याच्या आई-वडिलांनी ठरवायचं. "त्याला मोठा आवाज टोचतो, आपल्याला काटा टोचतो तसा," एवढं पुरतं. चौथीतली एखादी शांत मुलगी त्याची सोबतीण होऊ शकते, फक्त रोज तीच नको, तिलाही खेळायचं असतं. पालकांचं बोलणं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घ्या, रस्त्यावर नको. "येडं" हा शब्द तिथं आला तर तुम्ही न चिडता, पण सगळ्यांसमोर तो थांबवा. तुम्ही थांबवलात की गाव हळूहळू थांबवतं.

आणि तुमचा मूळ प्रश्न. आठवी होईपर्यंत कुठल्याही लेकराला शाळेतून काढता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात (2016) 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझम आहे आणि अशा मुलांना इतरांबरोबर, गरजेप्रमाणे सोयी करून शिकवायचं आहे. म्हणजे शाळेनं त्याला "पाठवायचं" हा पर्यायच नाही. आई-वडिलांनी विशेष शाळा निवडणं वेगळं, तो त्यांचा हक्क. काही मुलांना ती मानवतेही, जिथं रोज वाचा उपचार आणि शिकलेले विशेष शिक्षक असतील तिथं. पण तुमच्या भागातून अशी शाळा म्हणजे बहुधा निवासी. आई दिवाळीनंतर तोडीला गेली, आता घर आणि आजीही सुटणार. हे मी आत्ता सुचवणार नाही. निदान एक पूर्ण सत्र वरचं करून बघा, तेही एकटीनं नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना फोनवर सांगू नका, लेखी पत्र द्या आणि पोच घ्या, वही दाखवा, वर्गात येऊन बसायला सांगा. शाळेत लेकरांची आरोग्य तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही सांगा. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या उपचारासाठी ते पाठवतात. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर आई-वडील आल्यावर काढायला लावा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या "निरामय" आरोग्य विम्यात 1 लाख रुपयांपर्यंतचा उपचार बसतो, त्यासाठी ते लागतं.

आजीशी वाद घालू नका. अंगारा लावत असेल तर लावू दे. मारहाण, चटके, उपास असलं काही असेल तर मात्र ठामपणे आडवं या. तिला सांगा की हे मेंदूच्या वाढीतलं वेगळेपण आहे, जन्मापासूनचं. लेकीचं-सुनेचं काही चुकलं नाही, कुणाची नजर लागली नाही. म्हातारीला हे ऐकायची फार गरज असते, कारण ती मनातून स्वतःलाही दोष देत असते. मग तिच्याकडून एक मदत घ्या. रोज एका ठरल्या वेळी आईचा फोन, तोंड दिसणारा, दोन मिनिटांचा का होईना. तोडीवर वेळ पाळणं अवघड, तेव्हा आईनं आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालेल. आई-वडिलांचा फोटो त्याच्या दप्तरात. कधी येणार ती तारीख सांगू नका, पट्टा पडायची, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायची तारीख कुणालाच ठाऊक नसते आणि चुकलेली तारीख त्याला फार लागेल. महिन्याच्या कागदावर रोज एक खूण करत जा.

राहिला तो नंबर. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलाय. दुसरीतलं लेकरू शंभरापर्यंतचे अंक गिरवत असतं, आणि हा एमएच 23 पासून पुढचा सगळा नंबर न चुकता म्हणतो. त्याची अंकांची वाट तिथूनच जाते, ती वापरा : त्यातले आकडे मांडायला लावा, उलट म्हणायला लावा, बेरीज करायला लावा. पण त्याआधी आज संध्याकाळी आजीकडं जा आणि तिला एक विचारा. दिवाळीनंतर त्याचे आई-वडील ज्या ट्रॅक्टरवर बसून गेले, त्याचा नंबर काय होता?